दुसऱ्या दिवसाची सकाळ : लांब पल्ल्याच्या सायकल सफरीविषयी वाचकांचे प्रश्न

अनेक दिवसांच्या सायकल सफरीच्या तयारीविषयी या सदरात गेल्या महिन्यात प्रश्न मागवले होते. सातारा, कराड, विटा, सांगली या भागांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘एका दिवसात किती किलोमीटर होतील?’ अशी विचारणा आहे. थोडाफार सराव असलेला माणूस जिद्दीला पेटला, तर एखाद्या दिवशी शंभर किलोमीटर रेटतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर त्याला पुन्हा बसवेल काय, यावर मात्र सगळी सफर अवलंबून असते. पुढील बहुतेक उत्तरे याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. गिअरची हायब्रिड सायकल आहे. रविवारी पंचवीस-तीस किलोमीटर चालवतो. आम्ही तिघे मित्र डिसेंबरात सातारा ते पणजी हे अंतर तीन दिवसांत पार करण्याच्या विचारात आहोत. पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसरा आंबोली असे ठरते आहे. हाताशी चार महिने आहेत. सराव कसा करावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चार महिने पुरेसे आहेत, तीन दिवस मात्र अपुरे आहेत, ते चार करावेत. सातारा ते कोल्हापूर हा सुमारे १२० किलोमीटरांचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून कराड, पेठ नाका, वाठार असा जातो. त्यात मोठा घाट नसल्यामुळे पहिल्या दिवसाच्या उत्साहात तो जमून जाईल. तुमच्या बेतातील कच्चा दुवा दुसरा दिवस आहे. कोल्हापूरहून निपाणी, आजरा मार्गे आंबोली हे अंतरही जवळजवळ तेवढेच असून आजऱ्यापुढचा रस्ता चढउतारांचा आहे, आणि तिथे तुम्ही पोहोचाल तेव्हा आदल्या दिवसाचा शीण अंगात असेल, ऊन उतरणीला लागलेले असेल आणि अंधारापूर्वी गाव गाठण्याची घाई पाठीशी असेल. त्यापेक्षा दुसरा मुक्काम आजऱ्याला व तिसरा सावंतवाडीला करावा. तसे केल्यास आंबोलीचा घाट तिसऱ्या दिवशी भर दिवसा, ताज्या हातांनी उतरता येईल आणि चौथ्या दिवशी पणजीपर्यंत साठेक किलोमीटर उरतील.

वेळेचा हिशोब आधीच कागदावर मांडावा. सामान लादलेल्या सायकलीचा चालता वेग ताशी पंधरा ते अठरा किलोमीटर धरावा, आणि चहा, जेवण, पंक्चर, रस्ता विचारणे हे सगळे मिळवून तो बारा-तेरावर येतो असे समजावे. म्हणजे १२० किलोमीटरांना नऊ ते दहा तास लागतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो; उजेडाचे तास अकरा आहेत. नऊला नाश्ता करून निघणाऱ्यांचा हिशोब पहिल्याच दिवशी चुकतो, तो इथे. पहाटे सव्वासहाला दिवे लावून निघावे आणि दुपारी तीनपर्यंत तीन-चतुर्थांश अंतर मागे टाकलेले असावे.

आता सराव. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस तासभर आणि रविवारी थोडे जास्त, एवढेच पुरे. रविवारचे अंतर तिसावरून हळूहळू पन्नासावर न्यावे. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये असा एक ढोबळ नियम सायकलपटू पाळतात. तो काटेकोरपणे पाळलाच पाहिजे असे नाही, पण फुप्फुसे लवकर तयार होतात आणि गुडघ्याचे स्नायुबंध सावकाश, हे त्यामागचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. दर चौथ्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावे. तुमचा रात्रपाळीचा आठवडा त्यासाठी आयताच उपयोगी पडेल. रात्रपाळी करून आल्यावर, झोप न घेता, सकाळी सायकल काढणे हे शौर्य नव्हे. महामार्गावर तर मुळीच नव्हे.

दुसऱ्या महिन्यात चढ घ्यावेत. तुम्हाला त्यासाठी लांब जायचे कारण नाही, कारण समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट सुरूच होतो. पावसात आणि धुक्यात तो घाट पहाटे अंधारात चढू नये, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांच्या हंगामात रविवारी त्या रस्त्याला जाऊच नये, कासला निघालेल्या गाड्यांची रांग तुम्हाला कडेच्या चिखलात ढकलील. चढावर जड गिअरने पाय दाबत राहण्यापेक्षा हलका गिअर टाकून मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्यांच्या लयीत पाय फिरवत राहावे. मांड्या लवकर भरून येत नाहीत आणि गुडघ्यांवरचा ताणही कमी होतो.

तिसरा महिना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात. या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ सायकल चालवायची. सुरुवात शनिवारी साठ आणि रविवारी पन्नास अशी करावी, आणि शेवटी शंभर व सत्तरपर्यंत पोहोचावे. त्यांपैकी एक जोडी मेढा, केळघर मार्गे महाबळेश्वर आणि पाचगणी, वाईवरून परत अशी सुमारे १२० किलोमीटरांची फेरी घालून करता आली तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी मात्र सपाट रस्त्यावर चाळीस किलोमीटर चालवावेच. रविवारच्या पहिल्या अर्ध्या तासात तुमची सीट, तुमची चड्डी, तुमचे हँडल आणि आदल्या रात्रीचे जेवण यांविषयी जे कळेल, ते कोणत्याही पुस्तकातून कळणार नाही. या फेऱ्या प्रत्यक्ष नेणार आहात त्याच सामानासह कराव्यात. आठ-नऊ किलो मागे लादलेली सायकल उतारावर वेगळीच वागते, आणि हे आंबोलीच्या वळणावर पहिल्यांदा समजणे बरे नव्हे. निघण्यापूर्वीचे दोन आठवडे अंतर कमी करत न्यावे. त्या काळात ‘राहिलेला सराव’ भरून काढण्याचा मोह होतो, तो आवरावा.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत. रिम ब्रेक असतील तर रिम तापते, डिस्क असतील तर पॅड तापून पकड सुटू लागते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग उतरवावा, वळणात ब्रेक सोडावेत आणि अंग सीटवर मागे सरकवावे. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर थांबावे. आंबोलीत थांबायला कारण लागत नाही.

प्रश्न : वय ५८, बँकेतून निवृत्त. सांगली-मिरज परिसरात रोज सकाळी पंधरा किलोमीटर सायकल चालवतो, काही त्रास नाही. मात्र चाळीस किलोमीटरांपुढे गेलो की दोन्ही गुडघे पुढच्या बाजूने दुखतात. सोबत्यांबरोबर पाच दिवसांची सफर करायची इच्छा आहे. या वयात ते योग्य आहे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वयाचा मुद्दा नंतर घेऊ, आधी सीटची उंची पाहू. आपल्याकडे सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, अशी शिकवण लहानपणी मिळते आणि ती आयुष्यभर टिकते. शाळेला जाण्यापुरती ती ठीक होती. पण त्या उंचीवर गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त दुमडलेला राहतो आणि वाटीवर दाब येतो. पंधरा किलोमीटरांत ते जाणवत नाही. चाळीस किलोमीटरांत पाय हजारो वेळा फिरलेला असतो, तेव्हा जाणवते. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे आणि मागच्या बाजूने दुखत असेल तर ती फार वर आहे, असा प्राथमिक अंदाज बहुधा बरोबर ठरतो.

भिंतीला टेकून सायकलवर बसावे, पेडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवावी. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. मग चालवताना पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. तुमची सीट यापेक्षा तीन-चार सेंटीमीटर खाली निघाली तर ती एकदम वर घेऊ नये, दर आठवड्याला पाच-सहा मिलिमीटर अशी चढवावी, म्हणजे शरीराला सवय होते. सीटच्या नळीवर कमीत कमी किती नळी आत राहिली पाहिजे याची खूण कोरलेली असते, ती खूण बाहेर दिसू देऊ नये. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवायची नवी सवय लावून घ्यावी लागेल. तिला आठवडाभर पुरतो.

एवढे करूनही महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा गुडघ्याला सूज असेल, बसल्या जागी अथवा रात्री दुखत असेल, मध्येच अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वयाविषयी सांगायचे तर ५८ हे सफरीच्या आड येणारे वय नाही. पण रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घेतल्याशिवाय पाच दिवसांचे सलग श्रम अंगावर घेऊ नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दिवसभराच्या श्रमात साखर अचानक खाली येऊ शकते. औषधाची मात्रा आणि वेळ स्वतःच्या मनाने न बदलता डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी व सोबत्यांनाही तशी कल्पना द्यावी.

सांगली-मिरजेच्या आसपास चढ नाहीत, अशी तुमच्या पत्रात तक्रार आहे. दंडोबाचा डोंगर आणि सागरेश्वर फार दूर नाहीत. रोजच्या सरावापुरता समोरचा वाराही चढाचे काम करतो. जाताना वारा समोरून घ्यावा आणि परतताना पाठीवर, उलट करू नये.

प्रश्न : माझ्याकडे गिअर नसलेली साधी काळी सायकल आहे. आषाढीला साताऱ्याहून पंढरपूरला सायकलने जाण्याचे मनात आहे. मित्र म्हणतात की गिअरची सायकल घेतल्याशिवाय हे होणार नाही.
— एक विद्यार्थी, सातारा तालुका

उत्तर : मित्रांचे ऐकू नये. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड मार्गे पंढरपूर साधारण एकशे तीस-पस्तीस किलोमीटर आहे, आणि साताऱ्यापेक्षा पंढरपूर बरेच खाली असल्यामुळे एकूण रस्ता उतरता आहे. त्रास देईल तो कोरेगाव आणि पुसेगाव यांमधला वर्धनगडचा घाट. तिथे उतरून सायकल हातात धरून चालावे, त्यात कमीपणा काही नाही. चढ थोडा हलका करायचा असेल तर मागचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, काढून दोन किंवा चार दाते जास्त असलेले बसवून घ्यावे. सायकलच्या दुकानात हे काम थोडक्या पैशांत होते, फक्त चेनला एखादी कडी वाढवावी लागेल की काय ते मिस्त्री पाहील. सपाटीवर त्यामुळे वेग किंचित कमी होतो, तो चालेल.

दोन दिवस धरावेत आणि मुक्काम गोंदवल्याला करावा. श्री ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधी मंदिरात उतरण्याची आणि प्रसादाची सोय असते व साताऱ्याहून ते ६४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. आषाढात गर्दी असणार, म्हणून आधी चौकशी करून ठेवावी.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि ती परतीची. आषाढात वारा पश्चिमेकडून येतो. जाताना तो पाठीवर असेल, उतारही तुमच्या बाजूने असेल, आणि पंढरपूर फारच सोपे गेले असे वाटेल. परतताना चढ आणि तोच वारा दोन्ही समोर येतील. म्हणून येताना तीन दिवस ठेवावेत, किंवा परतीसाठी टेंपोची सोय आधीच बोलून ठेवावी.

निघण्यापूर्वी ओव्हरहॉलिंग करून घ्यावे : दोन्ही हबमधले (चाकांच्या मध्यातले) व ब्रॅकेटमधले (पेडलच्या आसातले) छर्रे धुऊन नवे ग्रीस, ब्रेकचे रबर नवे, चाकांचा आउट (डगमग) काढलेला आणि सैल आरे ताणलेले. हे काम जाण्याच्या आदल्या दिवशी करून घेऊ नये. आठवडाभर आधी करून पन्नासेक किलोमीटर चालवून पाहावे, कारण नव्याने ताणलेले आरे थोडे बसतात आणि चाक पुन्हा एकदा पाहावे लागते.

प्रश्न : आम्ही दोघी शिक्षिका मे महिन्याच्या सुट्टीत सहा दिवसांची सफर करणार आहोत. सायकल चालवताना काय खावे, किती पाणी प्यावे, आणि सीटमुळे होणारा त्रास कसा टाळावा, हे कळवावे. मुक्कामांविषयीही दोन शब्द लिहावेत.
— एक वाचक, कराड

उत्तर : मे महिना टाळता आला तर टाळावा, एवढे आधी लिहितो. दिवाळीची सुट्टी यासाठी कितीतरी चांगली. मे महिन्यातच जायचे असेल तर पहाटे साडेपाच ते दहा आणि दुपारी साडेचारनंतर, एवढ्याच वेळात सायकल चालवावी व दिवसाचे अंतर साठ किलोमीटरांच्या वर नेऊ नये.

दीड तासापेक्षा लांब चालवायचे असेल तर भूक लागायची वाट पाहू नये. शरीरातील साखरेचा साठा मर्यादित असतो आणि तो संपला की पाय अक्षरशः चालेनासे होतात. मग खाल्ले तरी सावरायला वेळ लागतो. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम मिळतात, पंचवीस ग्रॅम गुळातून वीसच्या वर मिळतात, शिवाय राजगिऱ्याचा लाडू, खजूर, साखर-पोळी हे सगळे चालते. शेंगदाण्याची चिक्की चवीला चांगली, पण तिच्यातील स्निग्धांश पचायला वेळ लागतो, म्हणून ती चढाच्या आधी खाऊ नये, मुक्कामाच्या जवळ आल्यावर खावी. वडापाव आणि मिसळ यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही. तरीही सांगतो, दुपारपर्यंत नको. मुक्कामाला पोहोचल्यावर तासाभरात भात-वरण, दही, उसळ किंवा अंडी असे भरपेट जेवण घ्यावे. दमल्यावर भूक मेल्यासारखी वाटते आणि लोक चहा-बिस्किटांवर झोपतात. त्याची फेड दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास करावी लागते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक, घोट घोट प्यावे. घामातून मीठही जाते. नुसते साधे पाणी अति प्रमाणात पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण असे त्रास होतात आणि ते उन्हाचेच त्रास समजून माणूस आणखी पाणी पितो. त्यासाठी ओआरएस बरोबर ठेवावे. लिटरभर पाण्यासाठीचे पाकीट लिटरभर पाण्यातच पूर्ण टाकावे. अंदाजाने अर्धे पाकीट बाटलीत ओतून प्रमाण बिघडवू नये. पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते पाहावे, कारण तसेच दिसणारी नुसती गोड पेये दुकानात शेजारीच ठेवलेली असतात. पाकीट न मिळाल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

सीटचा त्रास दोन प्रकारचा असतो. बसण्याच्या हाडांना होणारी दुखण सरावाने कमी होते. कातडी सोलवटणे किंवा फोड येणे मात्र सरावाने जात नाही, ते ओल आणि घर्षण यांमुळे होते. पॅड असलेली सायकलची चड्डी घ्यावी आणि ती अंतर्वस्त्राशिवाय घालावी. संकोचामुळे आत दुसरे कापड घातले की त्याची शिवणच कातडीला काचते. वरून सैल कुर्ता किंवा पातळ पँट घालायला हरकत नाही. निघताना पेट्रोलियम जेली लावावी. अशा दोन चड्ड्या असाव्यात, रोज संध्याकाळी पोहोचल्याबरोबर एक धुऊन वाळत टाकावी आणि ओली राहिली तर ती सकाळी घालू नये. खूप मऊ, जाड जेलची सीट दुकानात बोटाने दाबून छान वाटते, पण तासाभरात हाडे तिच्यात रुततात आणि दाब नाजूक भागावर येतो. स्त्रियांच्या बसण्याच्या हाडांमधले अंतर साधारणपणे अधिक असते, म्हणून मागे जरा रुंद आणि मध्ये खाच असलेली सीट बहुधा मानवते. मासिक पाळीचे दिवस सफरीत येणार असतील तर त्या दिवसांसाठी जे वापरायचे ते आधी एखाद्या लांब रविवारी वापरून पाहावे; पॅडच्या चड्डीत सॅनिटरी पॅड काचतो असा अनेकींचा अनुभव असून त्याऐवजी मासिक पाळीचा कप सोयीचा पडतो.

मुक्काम आधी ठरवून ठेवावेत आणि सायकली रात्री खोलीत किंवा कुलूपबंद आवारात ठेवता येतील काय, हे फोनवरच विचारून घ्यावे. स्वच्छतागृहासाठी महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप आणि हॉटेले हाच भरवशाचा आधार आहे. आतल्या रस्त्यांवर तो मिळत नाही, म्हणून रस्ता आखताना पाणी आणि स्वच्छतागृह यांची ठिकाणे नकाशावर मांडून घ्यावीत. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवू नये.

प्रश्न : रस्त्यात सायकल बिघडली तर काय करावे? कोणती हत्यारे न्यावीत?
— एक वाचक, विटा

उत्तर : दोन सुट्या ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, ॲलन की, चेन तोडायचे हत्यार, तुमच्या चेनच्या मापाची जोडकडी, आणि जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. टायर फाटले तर तो तुकडा आतून लावून मुक्काम गाठता येतो. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असेल तर पेट्रोल पंपावरची हवा थेट भरता येत नाही. त्यासाठी पितळेचे छोटे टोपण मिळते, ते व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवावे.

पंक्चर ही नव्वद टक्के वेळा येणारी अडचण असे लोक म्हणतात. टक्के काहीही असोत, सराव तिचाच करावा. खानापूर, आटपाडी, माण या बाजूला बाभळीचा काटा आणि महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली केसासारखी पोलादी तार, हे दोन नेहमीचे शत्रू आहेत. तार बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे हळूच फिरवावीत, आणि बोटापेक्षा कापसाचा बोळा किंवा रुमाल फिरवला तर अधिक चांगले, तो तारेच्या टोकाला अडकतो आणि बोट कापत नाही. भोक ट्यूबवर व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे पाहून टायरवर तीच जागा शोधली की तार लवकर सापडते. ती चिमट्याने उपटल्याशिवाय नवी ट्यूब घालणाऱ्याला दोन किलोमीटरांवर पुन्हा खाली बसावे लागते.

चेन किती झिजली ते घरी साध्या पट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यापासून मोजायला सुरुवात केली की नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती बारा इंचांच्या पुढे एक-षोडशांश इंच सरकली असेल तर सफरीआधी चेन बदलावी. एक-अष्टमांश सरकली असेल तर मागचे दातेही खाल्ले गेलेले असतात, आणि मग नुसती नवी चेन जोर लावला की त्यांवरून घसरते.

तुमच्या भागात एक जादा सूचना : ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संध्याकाळनंतर मागच्या दिव्याशिवाय उभे असतात आणि रस्त्यावर उसाच्या कांड्या पडलेल्या असतात. पुढे चाललेल्या ट्रॉलीला धरून सायकल ओढवून घेण्याची हौस काही तरुणांना असते. ती करू नये. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

प्रश्न : लांबच्या सफरीआधी २०० किलोमीटरांची बीआरएम करणे आवश्यक आहे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आवश्यक नाही. बीआरएम किंवा ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. तीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. ती एका दमाची शिस्त आहे, आणि फ्रान्समध्ये १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फेरीत आज १२०० किलोमीटरांना नव्वद तास मिळतात, तेही झोप तोडूनच. अनेक दिवसांच्या सफरीत रोज आठ तास झोप घेऊन पुन्हा उठायचे असते. २०० ची ब्रेव्हे केल्याने दिवे, खाणे आणि वेळेचा हिशोब यांची चांगली परीक्षा होते, म्हणून करावी. पण ती सफरीच्या आदल्या तीन आठवड्यांत करू नये.

प्रश्न : गोव्याहून परतताना सायकल रेल्वेने आणता येते काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : येते. गोवा एक्स्प्रेस मडगाव, लोंढा, बेळगाव, मिरज मार्गे पुण्याकडे जाते, त्यामुळे तुम्हाला ती सोयीची आहे. स्वतःच्या तिकिटावर सायकल सामान म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, नोंदवावी. पार्सल म्हणून स्वतंत्र नोंदवली तर ती त्याच गाडीने येईलच असे नाही. गाडीच्या वेळेआधी दोन तास पार्सल कार्यालयात पोहोचावे, तिकिटाची प्रत व ओळखपत्र बरोबर ठेवावे, आणि उतरायच्या स्थानकावर ब्रेक व्हॅनमधील सामान काढले जाते काय हे तिथेच विचारून घ्यावे, कारण लहान स्थानकांवर गाडी फार थोडा वेळ थांबते. सायकलवर नाव, फोन नंबर आणि उतरण्याचे स्थानक मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा बांधावा. दिवे, मीटर, पंप, बाटल्या काढून जवळ ठेवाव्यात, गिअरच्या बाजूला कापड गुंडाळावे, हँडल वळवून फ्रेमला समांतर करावे आणि पेडले काढावीत. उजवे पेडल नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवल्यावर सुटते. डाव्याचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवावे लागते. जोर लावून दुसऱ्या बाजूला फिरवल्यास ते अधिकच घट्ट बसते आणि फलाटावर पाना मागत फिरावे लागते.